आईची मशीन टीप सोडायला लागली, त्याची पूर्ण हकिगत

आमच्या घरी आईची काळी मशीन आहे, 1984 सालची, पायाने चालवायची. 2016 ला तिचे गुडघे दुखायला लागले म्हणून बाजूला मोटर बसवून घेतली, बाकी मशीन तीच. आम्ही सोलापूरचे. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर शिवते, साडीला फॉल लावते, फार मोठा धंदा नाही पण तिचा स्वतःचा पैसा आहे आणि चाळीस वर्षं तो कधी बंद पडलेला नाही. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, ही मशीन बंद पडल्यासारखीच झाली आणि ती नीट व्हायला तीन आठवडे गेले, 2180 रुपये गेले, आणि शेवटी जे निघालं त्याचा खर्च बघितला तर साडेतीनशेच्या आत होता. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण असंच दुसऱ्या कुणाच्या घरी चालू असणार हे मला माहितीये, आणि कुठे काय चुकलं ते आता मला एक एक करून सांगता येतं.

सुरुवात अशी झाली. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं, तिचे पाच ब्लाऊज आईकडे होते. आई एक दिवस म्हणाली मशीन टीप सोडतेय. म्हणजे चार-पाच टाके नीट पडतात मग एक टाका पडतच नाही, वरचा दोरा कापडावर नुसता लांब लोळतो, परत चार टाके नीट. जाड कापडावर कमी व्हायचं, अस्तराचं पातळ कापड घेतलं की जास्त. तिने दोन दिवस दोरा बदलून बघितला, रीळ दुसरं लावलं, तेल घातलं, काही फरक नाही.

मी नोकरी करते, संध्याकाळी आले की तिचा चेहरा बघायचे. मोबाईलवर थोडं शोधलं तर टीप सोडते म्हटलं की सगळीकडे शटल झिजलं, शटलचं टायमिंग गेलं असंच येत होतं. शटल म्हणजे सुईच्या खाली फिरून वरचा दोरा पकडणारा भाग, आणि त्याची सुईशी वेळ जुळली नाही की टायमिंग गेलं म्हणतात. माझ्या डोक्यात शटल बसलं. मग घराजवळच्या एका दुकानात, जिथे नवीन मशिनी विकतात आणि दुरुस्ती पण करतात, तिथे रिक्षात घालून मशीनचं डोकं घेऊन गेलो. मी काउंटरवर गेल्या गेल्या काय म्हणाले तर, "शटल गेलंय वाटतं, बघता का?" या एका वाक्याचे आम्ही पुढे पैसे भरले. मी त्यांना काय होतंय ते सांगितलंच नाही, काय बिघडलंय ते सांगितलं, आणि समोरचा माणूस मशिनीकडे न बघताच म्हणाला, "हो ताई, जुनी आहे, शटल जाणारच, बॉबिन केस पण बदलावी लागेल, सर्व्हिसिंग करून देतो, चार दिवसांनी या." बॉबिन केस म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते ती डबी.

चार दिवसांनी गेलो. 1450 रुपये. बिल मागितलं नाही, एका चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिलेला होता, तो दिला. त्यांनी आमच्यासमोर शिवून दाखवलं, जीनचं कापड दुहेरी करून, त्यांचाच जाड दोरा लावून, आणि टीप अगदी मोत्यासारखी आली. आई खूश झाली. मी पण. मशीन पुसून चकचकीत केलेली, सगळीकडे तेल मारलेलं. आपण आपलं अस्तराचं कापड आणि आपला दोरा बरोबर नेला असता तर तिथेच कळलं असतं, कारण आमचा त्रास पातळ कापडावर होता आणि त्यांनी दाखवली जाड कापडावर. पण तेव्हा ते सुचलं नाही.

घरी आलो, आईने पहिली बाही लावायला घेतली आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता. आधी जे कधीच होत नव्हतं ते आता व्हायला लागलं. वरून टीप सरळ दिसते, उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं, आणि कापड प्लेटमध्ये अडकून बसतं, कात्रीने सोडवायला लागतं. शिवाय दुकानातून आली तेव्हा तिच्यात त्यांनी बसवलेली 18 नंबरची जाड सुई होती, ती पातळ कापडाला भोकं पाडते म्हणून आईने काढली आणि आपल्या पाकिटातली 14 नंबरची लावली, की टीप सोडणं पण परत चालू. म्हणजे एक त्रास घेऊन गेलो होतो आणि दोन घेऊन आलो.

दुकानात फोन केला. आधी म्हणाले वापरून वापरून सेट होईल. दुसऱ्या दिवशी परत केला तर म्हणाले मावशींना सांगा मशीन म्हातारी झाली, आता किती खर्च करणार, आमच्याकडे एक्स्चेंज आहे, जुनीचे 1500 धरतो आणि नवीन घेऊन जा. हे ऐकून आई काही बोलली नाही, उठून आत गेली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्या मशिनीवर तिने आमच्या दोघा भावंडांच्या शाळेच्या फिया भरल्या ती भंगारात घाला असं कुणीतरी फोनवर सांगतंय, आणि ते पण तिला उघडूनही न बघता.

मग मी घरी येणारा माणूस बोलावला, 400 रुपये नुसते यायचे. त्याला जाळं खाली दिसलं म्हणून त्याने खालची बॉबिन केस काढली आणि तिचा बारका स्क्रू आवळला. परत शिवलं, परत जाळं, परत आवळला. शेवटी खालचा दोराच तटातट तुटायला लागला. तो म्हणाला मोटरचा स्पीड जास्त आहे, मोटर बदला. त्याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, वीस मिनिटांत गेला. पण त्याची चूक फार लोक करतात म्हणून सांगते, जाळं खाली दिसतं म्हणून दोष खाली असतो असं नाही, बहुतेक वेळा उलटं असतं. मला हे त्या रविवारी कळलं.

त्या रविवारी मी ठरवून बसले. एक वही घेतली, आईला शेजारी बसवलं, आणि ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. आधी आम्ही दोरा, सुई, तेल, स्क्रू सगळं एकदम बदलत होतो, त्यामुळे कशाने काय झालं हे कळायलाच मार्ग नव्हता. आणि स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरू करायचं, ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी.

पहिलं काम केलं ते म्हणजे वर लाल दोरा आणि खाली बॉबिनमध्ये पांढरा. ही युक्ती आईचीच, ती शिवणक्लासला जायची तेव्हा तिथल्या बाईंनी शिकवलेली, तिला इतक्या वर्षांनी आठवली. जुन्या चादरीच्या तुकड्यावर एक लांब टीप मारली आणि उलटं करून बघितलं. खाली जे जाळं होतं ते सगळं लाल. पांढरा दोरा मधून सरळ रेषेत गेलेला, त्याचा काही दोषच नव्हता. मशिनीच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा आणि खालचा, आणि ते कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, 1846 साली एलियास हाऊने अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हापासून ही गोष्ट तशीच आहे. दोघांना सारखी ओढ असली की गाठ कापडाच्या पोटात बसते आणि वर-खाली दोन्हीकडे टीप सारखी दिसते. वरच्या दोऱ्याला कुणी धरूनच ठेवत नसेल तर खालून शटल त्याला पाहिजे तेवढा ओढून घेतं आणि तो सगळा खाली साठतो. म्हणून लाल जाळं खाली म्हणजे ढिलाई वर. त्या माणसाने ज्या स्क्रूला हात लावला त्याचा याच्याशी संबंधच नव्हता, उलट त्याने चांगल्या खालच्या दोऱ्याला फास लावून ठेवला होता.

मग वरचा दोरा कुठे ढिला पडतोय ते बघायचं. दोरा पूर्ण काढला, फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचलून परत ओवला, कारण फूट खाली असताना ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला धरून ओढ देणाऱ्या, दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात आत न जाता वरच राहू शकतो. तरी जाळं येतंच. मग आईने एक गोष्ट करून बघायला सांगितली. सुईतून आलेला दोरा हाताने ओढायचा, आधी फूट वर ठेवून, मग फूट खाली सोडून. वर असताना दोरा सहज यायला पाहिजे आणि फूट खाली टेकवला की तो एकदम जड व्हायला पाहिजे, इतका की सुई थोडी वाकते. आमच्याकडे दोन्ही वेळा सारखाच सैल. फूट खाली, फूट वर, काही फरक नाही. मी चार वेळा करून बघितलं, वहीत लिहिलं, आणि मला खरंच इतका आनंद झाला, कारण तीन आठवड्यांत पहिल्यांदा आमच्याकडे एक पक्की गोष्ट होती. टेन्शनच्या चकत्या मिटत नाहीयेत. टेन्शनचं बटण कितीही फिरवा, चकत्याच उघड्या राहिल्या तर उपयोग काय.

आता टीप सोडायचं. इथे मला वाटतं आईच्या सवयीने काम केलं. ती जुन्या सुया फेकत नाही, बोथट झालेली, वाकलेली सुई पण एका कुंकवाच्या जुन्या डबीत टाकते, लहान पोरांच्या पायात जायला नको म्हणून. मी ती डबी ओतली आणि त्यातली एक जुनी सुई आणि आता मशीनला लावलेली सुई तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. जुनीचं वरचं जाड टोक एका बाजूने चपटं. नवीचं पूर्ण गोल. आणि नुसतं गोल नाही, बारीक पण. आधी मला वाटलं कंपनी वेगळी असेल. मग पाकिटावर बघितलं, डीबी एक्स 1 लिहिलेलं. जुन्या रिकाम्या पाकिटावर एचए एक्स 1.

आईला विचारलं तर म्हणाली, "अगं हो, गोलच आहे ती, मी दोरेवाल्याला म्हटलं पण, तो म्हणाला काकू आता सगळ्या अशाच येतात." आणि मार्चच्या शेवटी तिचं जुनं पाकीट संपलं होतं, तेव्हापासून ही. म्हणजे टीप सोडायला सुरुवात झाली त्याच्या आधीच्या आठवड्यात सुई बदललेली. आम्ही कुणीच ते जोडून बघितलं नाही.

यात दोरेवाल्याचं पण मला समजतं. सोलापुरात गणवेश शिवायचे एवढे कारखाने आहेत, पूर्व भागात घराघरात त्यांचं जॉबवर्क चालतं, आणि तिथे सगळीकडे ज्याला आपण जुकी मशीन म्हणतो ती कारखान्यातली मशीन. तिला हीच गोल मुंडीची सुई लागते. त्याच्या दुकानात दिवसाला शंभर पाकिटं त्या सुईची जात असतील, घरच्या मशिनीची चपटी सुई मागणारं गिऱ्हाईक कधीतरी एखादं. त्याने जे खपतं ते दिलं.

पण दोन सुयांमध्ये फरक आहे आणि तो टिपेपर्यंत जातो. घरच्या सुईची मुंडी साधारण 2 मिलिमीटर जाड असते, कारखान्यातलीची साधारण 1.6. बारीक सुई जाड सुईच्या जागेत जातेच, अडकत नाही, म्हणून कळतच नाही. पण स्क्रू आवळला की ती एका बाजूला ढकलली जाते आणि चपटी बाजू नसल्यामुळे थोडी फिरली तरी समजत नाही. चपटी बाजू त्यासाठीच असते, सुई एकाच पद्धतीने बसावी म्हणून. सुई खाली जाऊन जेव्हा जेमतेम 2 मिलिमीटर वर यायला लागते तेव्हा तिच्या नाकाच्या मागे दोऱ्याचा एक बारका फुगा तयार होतो, आणि त्याच क्षणी शटलचं टोक तिथून जातं आणि तो फुगा पकडतं. सुई केसभर लांब उभी असली की टोक फुग्याच्या बाहेरून निघून जातं. तो टाका गेला. जाड कापडात दोरा घट्ट धरला जातो म्हणून फुगा चांगला होतो आणि टाका पडतो, पातळ सुळसुळीत अस्तर सुईबरोबरच वर उचललं जातं म्हणून फुगा होतच नाही. दुकानात जीनच्या कापडावर, त्यांच्या स्वतःच्या चपट्या जाड सुईने टीप मोत्यासारखी का आली ते आता कळलं. त्यांनी आमची सुई काढून आपली लावली, म्हणजे नकळत दुरुस्ती तिथेच झाली होती, आणि पैसे शटलचे घेतले. त्यांना हे लक्षात आलं होतं का नाही ते मी सांगू शकत नाही.

सोमवारी संध्याकाळी चाटी गल्लीकडे जाऊन एचए एक्स 1 असं लिहिलेलं दहा सुयांचं पाकीट 80 रुपयांना आणलं, 14 नंबर. लावली, लांब खाच ज्या बाजूला त्या बाजूने दोरा ओवला, चपटी बाजू शटलकडे. हाताने चाक फिरवून, मोटर न लावता, अस्तरावर एक हात लांब टीप मारली. एकही टाका सुटला नाही. जाळं होतंच अजून, पण टाके सगळे होते. आई त्या तुकड्यावरून बोट फिरवत बसली होती.

टेन्शनचं मला स्वतःला उघडायचं होतं, आईने हात लावू दिला नाही, त्यात एक बारीक स्प्रिंग असते ती उडाली तर सापडत नाही म्हणाली, आणि ते बरोबर होतं. मग माझ्या ऑफिसातल्या एका ताईंनी पूर्व भागातल्या एका मेकॅनिक मामांचं नाव सांगितलं. ते कारखान्यांच्या मशिनी बघतात, घरच्या मशिनी सहसा घेत नाहीत, पण म्हणाले घेऊन या, बसून बघा. दुकान वगैरे नाही, घराच्या ओसरीवरच बाकडं. घरात तेलुगू बोलत होते, आमच्याशी मराठी.

मी परत सुरू केलं, "मामा ते टेन्शनचं—" तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ताई, काय होतंय ते सांगा. काय बिघडलंय ते मी बघतो." मी वही काढली. लाल दोरा, पांढरा दोरा, फूट खाली, फूट वर, सुईच्या आधी, सुईच्या नंतर, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी चादरीचा तो तुकडा मागितला, उलटा करून बघितला आणि टेन्शन उघडलं.

फूट वर उचलला की आतली एक बारकी पिन पुढे सरकते आणि चकत्या उघडते, फूट खाली आला की पिन मागे जायला पाहिजे. आमची पिन पुढे जाऊन तिथेच चिकटलेली. तिच्यावर मधासारखा तपकिरी थर. मामांनी नखाने खरवडून वास घेतला आणि विचारलं, "गोडेतेल कुणी घातलं?"

मला आठवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, मशीनचं तेल संपलेलं, आणि आई तेव्हा मास्क शिवत होती. अप्पांनी स्वयंपाकघरातलं करडईचं तेल घातलं होतं, चार-पाच वेळा तरी. आमच्याकडे करडईचंच तेल असतं. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळतं, त्याचा चिकट पापुद्रा होतो, रंगाच्या कामात पण ते वापरतात ते याच गुणामुळे. मशीनचं पांढरं पातळ तेल खनिज असतं, ते असं वाळत नाही. चार वर्षं तो थर सांध्यांमध्ये बसून होता. मामांचं म्हणणं असं की सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्या दुकानात न उघडता वरून भरपूर तेल मारलं, बाहेरचा सुकलेला मळ सुटला आणि वाहत जाऊन पिनेपाशी बसला. मला ते पटतं, कारण जाळं दुकानात जायच्या आधी नव्हतं. अप्पांना मी घरी आल्यावर सांगितलं तेव्हा ते फार वेळ गप्प होते. मी म्हटलं तेव्हा दुसरं काय करणार होतात, मशीन चालली म्हणून गल्लीत सगळ्यांना मास्क मिळाले.

मामांनी पिन, चकत्या, स्प्रिंग सगळं पेट्रोलमध्ये बुडवून चिंधीने पुसलं, कोरडं केलं, एक थेंब मशीनचं तेल लावलं. चकत्यांना तेल नाही, हे मुद्दाम सांगितलं, तिथून दोरा जातो. मग प्लेट काढली आणि हाताने चाक अगदी हळू फिरवत मला शटलचं टोक सुईच्या नाकाच्या वरून कसं जातं ते दाखवलं. टायमिंग बरोबर होतं. मी विचारलं की जुनं शटल खराब असेल का मग. ते म्हणाले समोर नाही तर कसं सांगू, पण सुई बदलल्यावर सगळे टाके पडले म्हणजे टायमिंग आधीपासून गेलेलं नसणार. नव्या शटलच्या टोकाला मात्र खरबरीतपणा होता, त्यावरून त्यांनी दोरा फिरवून दाखवला, अडकत होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासला. बॉबिन केसकडे बघून म्हणाले ही हलकी आहे, पत्र्याची स्प्रिंग नीट बसत नाही, जुनी असेल तर तीच लावा. एक तास लागला. 250 रुपये. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत.

राहिली जुनी बॉबिन केस आणि जुनं शटल. मला तोपर्यंत डोक्यातच नव्हतं की बदललेले पार्ट आपलेच असतात, परत मागायचे असतात. बुधवारी दुपारी, गर्दी नसताना, आई आणि मी त्या पहिल्या दुकानात गेलो. मी आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. म्हटलं तुम्ही बदललेलं शटल आणि केस परत पाहिजे आणि 1450 चं पक्कं बिल पाहिजे, काय काय बदललं ते लिहून. ते म्हणाले ताई ते कोण ठेवतं, भंगारात गेलं. काउंटरखाली बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा होता, जुन्या पार्टने भरलेला. आई म्हणाली, "मी बघू का त्यात?"

तिने दहा मिनिटं त्या डब्यात हात घातला. आणि एक केस काढून काउंटरवर ठेवली. तिच्या बारक्या स्क्रूवर आणि स्क्रूच्या शेजारी केसवर, दोन्हीकडे नेलपॉलिशचा लाल ठिपका. आईने कितीतरी वर्षांपूर्वी लावलेला, स्क्रू चुकून फिरला तर दोन ठिपके जुळवले की परत जागेवर येतो म्हणून. ठिपके अजून जुळलेले होते, म्हणजे त्या केसला हात न लावता नुसती काढून टाकली होती. दुकानदार बघत राहिले, मग म्हणाले घेऊन जा मावशी.

शटल नाही मिळालं. डब्यात तशीच तीन होती, त्यातलं आमचं कुठलं हे सांगायला खूण नाही, मी देताना फोटो काढलेला नाही. बिल त्यांनी दिलं, आढेवेढे घेत, पण दिलं, जेव्हा मी म्हटलं की ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करायचा तरी बिल लागेलच. पैसे परत द्यायला नाही म्हणाले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही हे मला माहिती होतं, आणि मी दोन दिवस खरंच विचार केला, पण जुनं शटल चांगलं होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि पहिल्या दिवशी शटल गेलंय असं मीच म्हणाले होते. सोडून दिलं. मशीन देताना प्रत्येक पार्टचा फोटो, आधी आकडा लेखी, बदलायच्या आधी फोन, आणि जुना पार्ट पिशवीत घालून परत, एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं आणि ते मी बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी येऊन आईने जुनी केस लावायच्या आधी तिच्या पद्धतीने तपासली. बॉबिन भरून आत घातली, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत सोडली. ती नुसती लटकून राहायला पाहिजे, आणि हाताला हलका झटका दिला की दोन-तीन इंच खाली येऊन परत थांबायला पाहिजे. आली, थांबली. मग मोटर न लावता हाताने, मग मोटरवर. वर लाल, खाली पांढरा, अस्तराच्या तुकड्यावर. वरून फक्त लाल दिसत होता, उलटं केलं तर फक्त पांढरा.

काकूंच्या मुलीचे तीन ब्लाऊज तोपर्यंत आईने मैत्रिणीच्या मशीनवर जाऊन शिवून दिले होते. राहिलेले दोन आपल्या मशीनवर झाले, हळदीच्या दिवशी सकाळी दिले.

गोल सुयांचं पाकीट, सात उरलेल्या, ते घेऊन मी दोरेवाल्याकडे गेले. परत करायला नाही, दाखवायला. दोन्ही सुया त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाला हे तर माझ्या कधी लक्षातच आलं नाही, दोन्ही बसतात म्हणून देत होतो. परवा आई बॉबिन आणायला गेली तेव्हा तिच्या आधी एक बाई सुई मागत होत्या, तर त्याने आधी विचारलं, "घरची मशीन का जुकी?"